तिचा माज, त्यांचा रुबाब

फाउंड्रीत छताखालच्या रुळांवर पळणाऱ्या क्रेनवर तीन पुरुष होते आणि एक वहिनी. खाली इशारे देणारा तिचा सख्खा दीर, म्हणून ती साऱ्या शेडची वहिनी. पुरुष केबिनचं दार लाथेने उघडायचे, तो रुबाब. ही मान ताठ ठेवून शिडी चढायची, तो माज. तिने ओव्हरटाइमला नाही म्हटलं की मग्रुरी, फोरमनला उलट उत्तर दिलं की शिंगं फुटली, आणि घरी सासूच्या तोंडी तिचा ताठा. एका बाईसाठी एवढे शब्द, आणि धड म्हणावा असा एकही नाही! या शब्दांवरून मी पुष्कळ भांडलोय, अजून भांडेन. पण एक शब्द तिला खरंच लागू पडला, तोही सांगायला हवा. घमेंड.

ती तिला उपजत नव्हती. वजन खाली सोडण्याआधी खालच्या माणसाचा हात वर दिसला पाहिजे, तोवर थांबायचं, असा नियम. वहिनी दर वेळी केबिनमधून वाकून बघायची. पुरुष बघत नसत.

"काय वहिनी, हात बघून भविष्य सांगता की काय?"

"आम्ही तर डोळे मिटून ठेवतो वजन!"

ऐकून ऐकून एक दिवस ती वाकलीच नाही. काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दीर जेवताना म्हणाला, "वहिनी, माझा हात तरी बघत जा."

"भावजी, तुमचा हात मला न बघता कळतो."

आसपासच्यांनी वा वा केली. शिव्यांनी जी बाई वाकली नाही, ती कौतुकाने शेफारली.

त्या दुपारी साच्याचं लोखंडी झाकण भट्टीच्या आडोशाला उतरवायचं होतं. दीर त्याखाली लाकडी ठोकळे मांडत होता. एक ठोकळा सरकला, तो सरळ करायला त्याने पालथं पडून हात आत घातला. वहिनीने वरून झाकण खाली सोडायला घेतलं. हाताची वाट बघितली नाही.

झाकणाच्या चार साखळ्यांतली एक आधी ढिली पडली, म्हणजे तो कोपरा कशावर तरी टेकला होता. तसं व्हायला नको होतं. तिने क्रेन चालवायचा दांडा सोडला, तशी मोटार थांबली. झाकण तिरकं थांबलं. वरून तिला फक्त बुटांचे दोन तळवे दिसले.

"उचल!" फोरमन धावत आला. "अगं, उचल ना!"

सगळी शेड ओरडू लागली. उचल, उचल! तिने दांड्याला हात लावला नाही. तिरकं वजन झटक्यात उचललं तर ते आधी झोका घेणार, आणि झोक्याच्या वाटेत भट्टीची भिंत आणि भिंतीला टेकलेलं असणार ते दिराचं डोकं. हात कुठे अडकलाय, नुसती बाही धरली गेलीय की हाड, ते त्यालाच ठाऊक.

"बहिरी झालीस का? माणूस मरतोय आणि हिचा माज बघा!"

"गप्प बसा सगळे!" तिचा आवाज चिरकला. "भावजी! मी काही करत नाहीये. तुम्ही सांगाल तेव्हाच!"

बूट हलेनात. फोरमन शिडीकडे धावला, स्वतः दांडा ओढायला.

"धरा त्यांना!" ती वरून ओरडली.

भट्टीवाल्याने त्याची कॉलर धरून मागे खेचलं. नोकरी जाईल याची त्याला त्या क्षणी आठवण नसावी.

मग झाकणाखालून दुसरा हात बाहेर आला. काजळीने माखलेला. मूठ बंद, म्हणजे थांब. मग एक बोट वर झालं आणि किंचित हललं. तिने दांडा इतका हलका दाबला की मोटार नुसती हुंकारली. बोट हलत राहिलं, झाकण केसाकेसाने वर गेलं. पुन्हा मूठ. ती थांबली. बूट मागे सरकले, मग पोटऱ्या, मग अख्खा माणूस. बाही खांद्यापासून फाटलेली, दोन बोटं चेचलेली. पण जिवंत.

आता फोरमनला कंठ फुटला. "खाली उतर! माझी माफी माग आधी!"

"वजन टांगून ठेवून उतरता येत नाही," ती वरून म्हणाली. "माफी भावजींची मागते, सगळ्यांदेखत. घमेंड चढली होती मला. तुमची कशाबद्दल मागू? तुमचं ऐकून त्यांना मारलं नाही म्हणून?"

"बघा, अजून माज उतरला नाही."

दीर जमिनीवर बसून बोटं पाण्यात बुडवत होता. मान वर न करता म्हणाला, "हा राहू द्या साहेब. यानेच वाचलो."

झाकण लोंबतच होतं. बाकीचे क्रेनवाले जरा मागे सरकले.

"या तुम्हीच," वहिनी फोरमनला म्हणाली. "ठोकळे मांडा. हात दाखवा."

त्याने टांगलेल्या लोखंडाकडे पाहिलं. ठोकळे बुटाने ढकलून मांडले, चार पावलं लांब झाला आणि हात अर्धाच उचलला.

"पूर्ण," ती म्हणाली, आणि वाकून बघत राहिली.