शिंगाड्याच्या बोडीतली कासवं

दिराने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, मागच्या बोथट बाजूने, पाचवं कासव फोडलं आणि सहाव्याला हात घातला. आधीची चार काठाच्या बांधावर, पाळीवर, मरून पडली होती. आमची म्हैस नुकतीच बोडीतून, म्हणजे शेतातल्या लहान तळ्यातून, लोळून वर आली होती. तिच्या कासेचा मागचा सड फाटून रक्त गळत होतं.

“काहून मारता गा भाऊजी?”

“दुधासाठी सड तोडून राहिले हे. उद्या दुपारी पंप लावून बोडीच उपसतो. एकही ठेवत नाही.”

“तोडताना पाहिलं तुम्ही?”

“वहिनी, तुम्ही चौथी शिकल्या. मले नका शिकवू.”

दीर सातवी नापास आहे.

सहावं कासव मी त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि गंगाळात पाणी भरून सोडलं. दया आली म्हणून नाही. म्हशीच्या दुधावर घर चालतं. कासव चोर निघालं असतं तर मीच कुऱ्हाड दिली असती. पण कन्हान नदीकडच्या आमच्या गावात विहिरीत कासव आपणच सोडतो, पाणी साफ राहावं म्हणून. तेच बोडीत गेलं की वाईट कसं होतं, ते मला पाहायचं होतं.

सकाळी दुधात भिजवलेली चिंधी त्याच्यासमोर धरली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मेलेली मासोळी टाकली, ती खाल्ली. पाण्यात बोट धरून बसले, त्याने काही केलं नाही. पाठीला धरून उचललं तेव्हा मात्र कडकडून चावलं. मला कुणी असं उचललं तर मीही चावेन.

म्हणजे चावतं, हे खरं. मग लुगडं खोचून, म्हैस जिथे लोळते तिथेच चिखलात उतरले. तिसऱ्या पावलाला टाचेत काटा घुसला. उपटून पाहिलं तर शिंगाडा. गेल्या साली आम्हीच बोडीत शिंगाडा लावला होता. वेल काढले, गळलेली फळं चिखलात राहिली. कुजून काळी झाली होती, पण काटे तसेच टोकदार. चाचपून ओंजळभर काढली.

दीर पंप घेऊन आला तेव्हा ती ओंजळ त्याच्यापुढे धरली. एका फळाचा काटा त्याने अंगठ्यात टोचून पाहिला.

“पण मासोळ्या तर खातात ना कासवं?”

“खातात. तुम्हीही खाता.”

त्याने पंप लावला नाही. दोन दिवस तो दाताळ्याने चिखल ओढून काळे शिंगाडे काढत राहिला.

म्हशीचा तो सड आटला. ती तीन सडांवर दूध देते. गंगाळातलं कासव मी बोडीत सोडलं. पाच मेली, ते एक जगलं.