थिर्झाने आणलेला चहा

थिर्झा चहा फार चांगला करते, आणि तोच तिला नडला.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारी भत्त्याच्या तपासणीसाठी एक बाई तिच्या घरी आल्या. थिर्झा माझी मुलगी, तेव्हा चौतीस वर्षांची. जन्मापासून तिच्या पायांचे स्नायू आखडलेले आहेत. दोन कुबड्यांवर चालते, आणि दर पावलाला सगळं अंग कंबरेतून ओढून घ्यावं लागतं. त्या दिवशी तिनं सकाळपासून घर आवरलं, निळा ब्लाऊज घातला, दार स्वतः उघडलं. घरी आलेल्या माणसाला पाच मिनिटांत चहा विचारला नाही, तर आमच्या कंब्रियात, इंग्लंडच्या उत्तरेला, तो अपमान समजतात. तिनं विचारला, केला, आणि कुबड्या स्वयंपाकघरातच ठेवून, भिंतीला खांदा घासत, दोन कपांचा ट्रे बाहेरच्या खोलीत नेला. थेंबही सांडला नाही.

"कशा आहात?" बाईंनी विचारलं.

"ठीक आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही."

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाता येतं?"

"जमतं की!"

संध्याकाळी मला फोन आला. "आई, किती छान होत्या गं बाई! दोन बिस्किटं खाल्ली त्यांनी." पुढचे दोन दिवस तिला पलंगावरून उतरता आलं नाही. ते तिनं सांगितलं नाही, ती ज्याच्याकडे काम करते त्या विल्फनं सांगितलं.

सहा आठवड्यांनी अकरा पानांचं पाकीट आलं. सातव्या पानावर चहा होता. 'अर्जदार हसतमुख होत्या. दोन कप असलेला ट्रे त्यांनी कुबड्यांशिवाय आणला.' म्हणून त्यांच्या मते थिर्झा वीस मीटरपेक्षा जास्त चालू शकते, आणि म्हणून फिरण्याचा मोठा भत्ता बंद, यापुढे लहान. हातानं ब्रेक लावायची तिची गाडी मोठ्या भत्त्यावर भाड्यानं मिळालेली होती. भत्ता गेला की गाडीही परत.

तिला 'ठीक आहे' म्हणायला मीच शिकवलं. चार वर्षांची असताना बागेत बायका मान तिरकी करून तिच्याकडे बघायच्या, आणि घरी आल्यावर ती विचारायची, "त्या अशा का बघतात?" मी सांगितलं, कुणी विचारलं की ठीक आहे म्हणायचं आणि हसायचं, मग बघत नाहीत. खरंच बघेनाशा झाल्या. तिनं ते इतकं अंगी बाणवलं की डॉक्टरांनासुद्धा तेच सांगते.

थिर्झा वेताच्या खुर्च्या विणते. जुन्या खुर्चीची फाटलेली बैठक कापून काढायची, वेत भिजवायचा आणि सहा पदरांत पुन्हा विणायचा. काम बसून करायचं, आणि तिचे हात फार हुशार आहेत. विल्फची कार्यशाळा अकरा मैलांवर, डोंगराच्या पलीकडे आहे. बस दिवसातून दोनदा, आणि थांब्यापासून पुढे चढ. आठवड्यातले तीन दिवस ती गाडीनं जायची. येताना बंदरावर गाडी थांबवून, काच खाली करून, कागदातले बटाट्याचे गरम काप खायची. मला एकदा म्हणाली होती, "गाडीत बसलं ना, की मी कशी चालते ते कुणालाच माहीत नसतं."

आम्ही हरकतीचं पत्र पाठवलं. दोन परिच्छेदांत उत्तर आलं, निर्णयात बदल नाही. मग न्यायाधिकरणाकडे अपील केलं. तारीख मिळायला आठ महिने लागतील असं कळलं. गाडी त्याआधीच गेली. न्यायला आलेल्या माणसालाही थिर्झानं चहा विचारला.

"ट्रे मात्र तुम्हीच धरा," ती म्हणाली. "माझा ट्रे सरकारदरबारी नोंदलाय."

तो बिचारा गोंधळला. मी हसले. ती नाही हसली.

त्यानंतर विल्फ दर शुक्रवारी दोन-तीन खुर्च्या तिच्या घरी टाकायला लागला. "पोरी, तुझ्याशिवाय मला भांडायला कुणी नाही गं," म्हणायचा आणि दहा मिनिटांत निघायचा, दुकान उघडं टाकून आलेला असायचा. पुढच्या शुक्रवारपर्यंत माझ्याशिवाय तिच्याकडे कुणी नाही. डोळ्यांमुळे मला गाडी चालवता येत नाही. मी दोन बस बदलून रविवारी जायची. बाकी दिवशी फोन. मागे रेडिओ चालू असायचा, तिच्या बोटांतून वेत सरकल्याचा आवाज यायचा.

नोव्हेंबरमध्ये एकदा ती फोनवर रडली. पाय आखडले, संडासापर्यंत पोचता आलं नाही, ओल्या कपड्यांत दोन तास जमिनीवर बसून होती. "हे कुणाला सांगायचं नाही, आई. शपथ घे." मी घेतली.

सल्ला केंद्रातल्या मिसेस ऑग्डेन अपिलात मदत करत होत्या. शिक्षिका होत्या पूर्वी, आवाज अजून वर्गातलाच. "हे बघ थिर्झा, तिथे शहाणी मुलगी व्हायचं नाही. सगळ्यात वाईट दिवस सांगायचा." थिर्झानं मान डोलावली. तिची मान डोलावण्याची पद्धत मला माहीत होती.

मार्चमध्ये सुनावणी झाली. लांब टेबलाच्या पलीकडे न्यायाधीश बाई, एक डॉक्टर आणि चाकांच्या खुर्चीतले एक गृहस्थ. थिर्झा निळा ब्लाऊजच घालून आली होती.

"टॅक्सीपासून इथपर्यंत कशा आलात, मिस टायसन?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"आले. जमलं."

"कसं जमलं?"

थिर्झा हसली.  डॉक्टरांनी घरातल्या चालण्याबद्दल विचारलं, ती म्हणाली, "कधी बरं असतं, कधी कमी बरं." मिसेस ऑग्डेननी पेन खाली ठेवलं. मग न्यायाधीश बाई माझ्याकडे वळल्या. "आई म्हणून तुम्हाला काही सांगायचंय?"

मी खुर्च्यांबद्दल सांगितलं, चहानंतरच्या दोन दिवसांबद्दलही. पण ते लिहून घेताना कुणी वर बघितलं नाही. आणि मला वाटलं, आता असंच उठलो तर गाडी कायमची गेली. मी नोव्हेंबर सांगितला, कपड्यांसकट, दोन तासांसकट. सगळ्यांनी वर बघितलं. थिर्झा टेबलाच्या कडेकडे बघत होती, तिचे कान लाल झाले होते. चाकांच्या खुर्चीतल्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "हे खरंय?" ती म्हणाली, "हो."

आम्हाला वीस मिनिटं बाहेर बसवलं. मग आत बोलावून सांगितलं, अपील मंजूर, मोठा भत्ता पूर्ववत.

टॅक्सीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. "शपथ घेतली होतीस तू."

"हो."

"त्यांच्यासमोर, आई."

मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं काढून घेतला नाही, पण बोटं मिटली.

मेमध्ये करड्या रंगाची गाडी आली. ती पुन्हा कार्यशाळेत जाते. विल्फ सांगतो, भांडणं जोरात चालू आहेत. माझं घर तिच्या रस्त्यावर आहे. पूर्वी दर बुधवारी जाताना थांबायची, चहा घ्यायची, माझ्या पडद्यांना नावं ठेवायची. आता बुधवारी आठ वाजून दहा मिनिटांनी हॉर्न वाजतो, एकदाच, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होते. ती गेल्यावर मी किटलीखालचा गॅस बंद करते.

फोन करते मी रोज. "कशी आहेस?"

"ठीक आहे, आई."

कसं ठीक, असं विचारणं अगदी ओठांवर येतं. पण तिनं सांगितलं तर ते मी कुणाला सांगणार नाही, असं मला आता तिला म्हणता येत नाही.