पौर्णिमेच्या चिंबोऱ्या

चिपळूणला गाडीत चढलो तेव्हाच ठरवलं होतं, ताईच्या घरी जायचं ते जिंकायलाच. तीन वर्षं मी तिची पायरी चढलो नव्हतो. भाचीच्या लग्नात मी सहज म्हटलं होतं, की खेकडे अमावास्येला भरलेले असतात आणि पौर्णिमेला पोकळ. त्यावर तिचे यजमान, आमचे भावोजी, पाहुण्यांसमोर म्हणाले, "दुकान चालवायला अक्कल पुरते रे दिनू, विज्ञानाला अभ्यास लागतो." हातगाडीवर पाइप विकत मी स्वतःचं दुकान उभं केलं. असलं वाक्य मी विसरेन होय?

शेवटी ताईचाच फोन आला. "पौर्णिमेला ये. इथल्या, मुंबईच्याच बाजारातून चिंबोऱ्या घेऊन ये, म्हणजे आपल्याकडच्या कुर्ल्या, खेकडेच. मी शिजवते, तुम्ही फोडून बघा. त्यानंतर मात्र मी मध्ये पडणार नाही."

उजाडताना दादरला उतरलो. फुलबाजारात ताईसाठी मोगऱ्याच्या कळ्या घेतल्या. कळ्या मुक्या होत्या, वास नावाला नाही. फुलवाल्याला म्हटलं, "वास कुठाय?"

"संध्याकाळी येईल, शेठ."

"संध्याकाळीच का?"

"ते त्याला विचारा ना. मी फक्त विकतो."

चिडलो खरा, पण प्रश्न डोक्यात राहिला. कळीला घड्याळ कोण दाखवतं?

तिथून बसने लालबागला. मसाल्याच्या गल्लीत शिरताच मिरच्यांचा असा ठसका बसला की मासळीबाजार मी डोळे पुसतच गाठला. एका कोळीण मावशीसमोर टोपलीत चिंबोऱ्या होत्या, नांग्या सुतळीने बांधलेल्या. मी एकेक तळहातावर तोलली. जड ती भरलेली, हलकी ती पोकळ, एवढं आम्हा खाणाऱ्यांना कळतं. हलक्या तेवढ्या बाजूला काढल्या.

मावशी बघतच राहिली. "अरे दादा, हलक्या कवा कुनी मागतं का? सासूला घालायच्यात?"

"भावोजींना."

ती खो खो हसली. शेजारणीला हाक मारून सांगितलं. मग म्हणाली, "आनि बहीण काय नुसता रस्सा पिनार?"

"तुला काय करायचंय? माल दे नि गप बस!" मी ओरडलो आणि पिशवी उचलून तरातरा निघून गेलो. बाजाराच्या टोकापर्यंत गेलो असेन, तोच आठवलं. लहानपणी नांगीतलं मांस काढून ताई आधी मला द्यायची. तिच्या ताटात आता मी मुद्दाम रिकामी कवचं वाढणार होतो, आणि तिने शेवटचं म्हणून बोलावलेल्या दिवशी.

परत आलो. हलक्या टोपलीत टाकल्या, जडातल्या जड उचलल्या. भावात मात्र एक रुपया सोडला नाही. मावशी म्हणाली, "बहिणीचं नशीब, माझ्या गल्ल्याचं नाही."

गिरगावात ताईची चाळ, तिसरा मजला. दार भावोजींनी उघडलं. "चपला आत घे," ते म्हणाले. "बाहेरून जातात." ताईने मोगऱ्याच्या कळ्या ओंजळीत घेतल्या, मग पिशवी हातात तोलली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात गेली.

जेवताना भावोजींनी पहिली नांगी फोडली. आत पांढरंशुभ्र मांस गच्च भरलेलं. मी टोमण्याची वाट पाहत मान खाली घालून बसलो.

"खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो," ते सावकाश म्हणाले. "नवं मोठं असतं, ते भरायला वेळ लागतो. तोवर आत पाणी. पोकळ निघतो तो असा."

"पण भरती-ओहोटी चंद्रामुळेच ना?" मी उसळलो. "मग खेकड्याच्या कात टाकण्याला चंद्र का लागू नये?"

"उधाण तर अमावास्येलाही येतं नि पौर्णिमेलाही. मग खेकडा दोन्हींत फरक का करेल?" त्यांचा हात ताटावरच थांबला. "पण चंद्राचा काहीच संबंध नाही, असंही नाही म्हणवत. मला माहीत नाही, दिनू."

हा माणूस 'माहीत नाही' म्हणताना मी प्रथमच ऐकला. माझाही आवाज खाली आला. म्हटलं, "भावोजी, या मी निवडून आणल्यात. जड तेवढ्याच."

"मग प्रयोग बाद!" ते जवळजवळ आनंदाने ओरडले. "न निवडता आणायच्या. आणि एकदा करून काही ठरत नाही. अमावास्येला ये, मग पौर्णिमेला. बारा वेळा तरी."

"बारा? दुकान कोण बघणार? चार."

"दहा."

"पाच. त्यावर एक नाही."

ताई मध्ये नांगीतलं मांस काढून माझ्या ताटात टाकत होती. दादर स्टेशनवर भावोजी सोडायला आले, तिथेही सौदा चालूच. गाडी हलता हलता त्यांनी सहावर मान डोलावली आणि मी छाती फुगवून खिडकीशी बसलो.

रोहा मागे पडलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर भाव खाली ओढायची सवय, त्या सवयीने मी ताईच्या घरच्या फेऱ्याच निम्म्या करून घेतल्या होत्या. असा बुडीत सौदा मी आजवर केला नव्हता. चिपळूणला उतरलो, फलाटावरूनच फोन लावला.

"भावोजी, बारा. आता मागे हटायचं नाही."