सिक्क्यातलं अळू

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते एक बादली पाणी वाहण्याचं.

शुक्रवारची दुपार, जेवणं झालेली. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, कोथिंबीर धुतलेलं पाणी ती एका बादलीत साठवायची. बादली भरली की कडीला एका बाजूनं ती धरायची, दुसऱ्या बाजूनं मी, आणि मागच्या लहान दरवाज्यातून बाहेर गल्लीत. तिथं भिंतीला लागून तिचं अळू होतं.

"जरा खाली धरा. तुम्ही वर उचलता आणि पाणी सगळं माझ्या पायावर."

"तू बुटकी, त्याला मी काय करू?"

"मी बुटकी नाही. तुम्ही उंट. या देशात आल्यापासून जास्तच झालात."

जानेवारी होता. उन्हाळ्यात त्या अळूकडं बघावं लागत नसे. आमच्या खोलीच्या एसीची नळी भिंतीतून गल्लीत काढलेली, ती रात्रंदिवस ठिबकायची आणि त्या ठिबकेवर पानं सुपाएवढी व्हायची. थंडीत एसी बंद, नळी कोरडी, अळूच्या माना खाली. मी म्हटलं, "एवढी हमाली कशाला? दोन दिवस एसीच लावू ना."

"थंडीत एसी? आणि मी काय करू? फ्रिजमधल्या बांगड्यासारखी पडून राहू?"

तिनं पाणी मुळाशी ओतलं, एक पिवळं पान खुडलं आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिली. "उद्या सकाळी अजून एक बादली घालू. मग येऊ दे त्याला."

तो म्हणजे बलदियाचा इन्स्पेक्टर. बलदिया म्हणजे तिथली नगरपालिका. शनिवारी सकाळी तो आमचं अळू तपासायला येणार होता. हिरवं दिसलं तर कागदावर शिक्का, आणि अळू पुढं वर्षभर जागेवर. वाळलेलं दिसलं तर उपटायचं आणि तिथं टाईल्स बसवायच्या. ऐकणाऱ्याला वाटेल म्हातारं भ्रमलंय, नगरपालिका कशाला अळू तपासेल? मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

मी तिकडं आखातात, मुसफ्फाच्या एका वर्कशॉपात एसीचे डक्ट बनवायचो. पत्रा कापा, वाकवा, रिव्हेट मारा. शाळा चौथीपर्यंत, पण पत्र्याला काय कळतंय. नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं मी कामगारांच्या कॅम्पातल्या बंकवर काढली. मग तिला एका अरबाच्या घरी स्वयंपाकाचा व्हिसा मिळाला. त्या मोठ्या घराच्या मागं नोकरांसाठी एक खोली होती, तिला मुलहक म्हणतात. ती आम्हाला दिली. घरातली म्हातारी मालकीण भली बाई होती. तिथल्या रीतीनं आमची ही तिला मामा म्हणायची. सुट्टीवर गावी गेलो असताना मी पहिल्यांदा फोनवर ऐकलं, "मामा फार चांगली आहे, मामाचे केस विंचरून दिले," तेव्हा मला वाटलं, उन्हानं हिचं डोकं गेलं.

अळूचे कंद तिनं रत्नागिरीकडून आणले. परकरात गुंडाळून, बॅगेच्या तळाशी. वडीचं काळं अळू, खाजत नाही. आवारात सगळी फरशी, माती कुठंच नाही. मग मी माझं कसब वापरलं आणि एसीची नळी भिंतीतून गल्लीत काढली. गल्लीत वाळू होती, पाणी मिळालं, अळू फोफावलं. संध्याकाळी काम आटोपलं की ही तिथं उकिडवी बसायची. अळूशी बोलायची वगैरे नाही, तसली नव्हती ती. नुसती बसायची. एकदा मी म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, "या देशात माझ्या हाताचं एवढंच आहे. बाकी सगळं मामाचं."

मग एक दिवस इन्स्पेक्टर आला. उंच सुदानी माणूस, डोक्याला पांढरं पागोटं, हातात फाईल. ही मामाकडं आत होती, मी एकटा. त्यानं अळूकडं बोट दाखवलं, मग जमिनीकडं, आणि म्हणाला, "मम्नू! सिक्का! सिक्का!"

मम्नू म्हणजे मनाई, एवढं मला कळत होतं. वर्कशॉपात रोज तेच कानावर पडायचं. आणि शिक्का कुणाला कळत नाही? मनाई आहे, शिक्का लागेल. मी म्हटलं, "ठीक है, शिक्का लाएगा."

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातून सुट्टी काढली, अळूचं एक पान पेपरात गुंडाळलं आणि बलदियाच्या ऑफिसात गेलो. आत एसी असा की दात वाजत होते. सगळा बाजार तिथं. कुणाला कचऱ्याचा डबा बदलून हवा, कुणाच्या बकऱ्या शेजाऱ्याच्या अंगणात, कुणाची पाटी दुकानापेक्षा मोठी. काउंटरवर एक गोरा, जाडा मिसरी, म्हणजे इजिप्तचा, क्लार्क. काउंटरपुरतं हिंदी त्याला येत होतं.

मी म्हटलं, "शिक्का चाहिए."

"कौन सिक्का?"

"गोल," मी म्हटलं. शिक्के गोल आणि चौकोनी दोन असतात, गोल जास्त जोराचा, हे मला वर्कशॉपात माहीत झालेलं. आणि बोटानं हवेत वर्तुळ काढून दाखवलं.

"गोल?" त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. "सिक्का गोल. मुश्किला क्या?"

मी पान काढून काउंटरवर ठेवलं. आणि तो मिसरी असा उठून उभा राहिला की मला वाटलं पानात विंचू निघाला. "कुल्कास!" तो ओरडला. "या सलाम, कुल्कास!" शेजारच्या क्लार्कला बोलावलं, पान हुंगलं, डोळे पुसले. त्यांच्याकडं थंडीत अळूच्या कंदाची आमटी करतात, हे मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळलं की माणूस आपला आहे. "कुल्कास मम्नू?" मी म्हटलं. "ला, ला, हबीबी! कुल्कास वेरी गुड." त्यानं एक कागद टाइप केला, मला सही करायला लावली आणि गोल शिक्का ठोकला. मी कागद घेऊन घरी आलो, जसा काय जमिनीचा सातबारा.

महिन्याभरानं बलदियाची माणसं आली, गल्लीच्या तोंडाशी खांब रोवला आणि त्यावर निळी पाटी बसवली. अरबीत काहीतरी आणि खाली इंग्रजीत जी, ओ, एल. गोल.

ही पाटीखाली उभी. मामा बुरख्यात हसून हसून खांबाला टेकली होती.

"तुम्ही ऑफिसात काय सांगितलंत?" हिनं विचारलं.

"शिक्का पाहिजे म्हटलं. तो म्हणाला कुठला, मी म्हटलं गोल."

"अहो, सिक्का म्हणजे गल्ली! अळू गल्लीत लावलंय, असं म्हणत होता तो. त्यांनी विचारलं कुठली गल्ली. तुम्ही म्हणालात गोल!"

त्या वर्षी बलदिया सगळ्या गल्ल्यांना नावं देत होती, हे मला काय माहीत. "मग शिक्क्याला काय म्हणतात?"

"खतम."

"कोण खतम झालं?"

"तुमची अक्कल! शिक्क्याला खतम म्हणतात, खतम."

मी म्हटलं, शिक्क्याला खतम आणि गल्लीला शिक्का म्हणणाऱ्या माणसांशी आपण काय बोलणार. पण ती हसताना वाकून अळूच्या पानांना हात लावत होती. "असू दे," म्हणाली. "कागद झाला ना. आता कोण उपटतंय बघू."

कुणीच उपटलं नाही. उलट झालं. कागदावर अळू गोल गल्लीची हिरवळ म्हणून लागलं, आणि सरकारी हिरवळ म्हटली की सरकारी काळजी आली. दर आठवड्याला पाण्याचा टँकर यायला लागला. टँकर गल्लीपेक्षा रुंद, आत शिरेना. ड्रायव्हर पठाण होता, त्याला ऑर्डर होती गोल गल्लीला पाणी घालायची. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि पाइप सोडायचा. समोरच्याची गाडी धुऊन निघायची, चिखल व्हायचा, आमच्या अळूपर्यंत थेंब पोचायचा नाही. मी त्याला म्हटलं, "भाई, अंदर डालो." तो म्हणाला, "चाचा, पेपर में गली लिखा है. गली गीला है. खलास."

मग अळूशेजारी एक लहान पाटी आली. मामाच्या नातवंडांनी वाचून दाखवली: पानं तोडू नयेत.

ही पाटीकडं बघतच राहिली. "मी माझंच अळू चोरून खायचं?"

तर तेच करायला लागली. ओढणीखाली कात्री घेऊन जायची, इकडंतिकडं बघून चार पानं कापायची आणि पोटाशी धरून आत पळायची. मी दारात राखणीला. एकदा तो सुदानी इन्स्पेक्टर नेमका तिच्या मागोमाग दारात. आत कुकरची शिटी, घरभर वडीचा वास. तिनं त्याला बसवलं आणि तळलेल्या वड्यांची बशी पुढं केली.

"शू हाज़ा?" त्यानं विचारलं. हे काय?

"सम्बूसा. हिंदी सम्बूसा," ती बेधडक. सम्बूसा म्हणजे समोसा.

त्यानं बलदियाची मालमत्ता बशी रिकामी होईपर्यंत खाल्ली, बोटं चाटली आणि फाईल उघडून लिहिलं. सगळं ठीक आहे, असं लिहिलं असणार, कारण शिक्का ठोकला. ओला, निळा, गोल. तो शिक्का ती खिडकीशी धरून सुकवायची. दर जानेवारीला एक. अरबी वाचता येत नव्हतं तिला. मला तरी कुठं येत होतं. पण त्या कागदाच्या जिवावर तिचं अळू उभं होतं, हे दोघांनाही कळत होतं.

म्हणून ती शुक्रवारची बादली.

बादली ओतून आलो आणि ती आडवी झाली. चहाला हाक मारली तर म्हणाली, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, वडी जास्त झाली. ती काही बोलली नाही. मी काही म्हटलं आणि ती उलटून बोलली नाही, असं कधी होत नसे. तेव्हा मी पळालो. मामाच्या ड्रायव्हरनं गाडी काढली. मामा अनवाणी गेटपर्यंत आली. हॉस्पिटलात संध्याकाळची मगरिबची बांग व्हायच्या आत डॉक्टर बाहेर आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिच्या मृत्यूचा कागद मागायला तिथल्या काउंटरवर गेलो. तिथला माणूस म्हणाला, "कागद आज नहीं मिलेगा. आज जुम्मा. मुहर लगानेवाला साहब कल आएगा."

"शिक्का नाही तर काय ती मेली नाही?" मी मराठीतच विचारलं. त्याला कसं कोण जाणे कळलं.

"मर गई, चाचा," तो हळू बोलला. "पेपर में नहीं."

सकाळी उठलो तेव्हा बाहेर दाट धुकं होतं. भिंत दिसत नव्हती. बादली आदल्या दुपारची तशीच, रिकामी; नळाखाली निम्मी भरली. उचलली. एका हातात कडी धरली तर ती एकीकडं कलायची, पाणी माझ्याच पायावर. दोन हातांनी धरली तर गुडघ्यांना आपटायची. चाळीस वर्षं पत्रा उचललेला माणूस मी, आणि निम्मी बादली दारापर्यंत न्यायला जमेना. खाली ठेवली.

मग एसी लावला. काटा शेवटपर्यंत फिरवला. तिची शाल पांघरून कॉटवर बसलो आणि भिंतीपलीकडं कान लावला. बऱ्याच वेळानं नळी ठिबकायला लागली.

दार वाजलं. धुक्यातून तो सुदानी. फाईल काखेत, पागोटं दवानं ओलं. गल्लीत वाकून त्यानं पानं बघितली, ठिबकणारी नळी बघितली, मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून खोलीत डोकावला. दर वर्षी दार तीच उघडायची.

"वेन मदाम?" त्यानं विचारलं. कुठं आहेत बाई?

अरबीत कसं सांगायचं ते मला येईना. हिंदी त्याला येत नव्हतं. तोंडातून एकच शब्द निघाला.

"खतम."

"ऐवा, खतम," तो म्हणाला. खिशातून शिक्का काढला, त्यावर हाऽ करून वाफ दिली, कागद भिंतीला टेकवला आणि ठोकला. "मब्रूक." अभिनंदन.

मी मान हलवली. "नाही. मदाम. मदाम खतम."

त्यानं थोडा विचार केला. मग हसला, फाईलमधून त्याच कागदाची कॉपी काढली, तिच्यावरही एक ठोकला आणि दोन्ही माझ्या हातात दिले. एक माझा, एक मदामचा. आणि धुक्यात निघून गेला.

शाई ओली होती. मी कागद खिडकीशी धरले, सुकले तेव्हा उशीखाली ठेवले. एसी चालूच ठेवला. दाराला कुलूप लावलं आणि हॉस्पिटलात तिचा शिक्का आणायला गेलो.