पद्माकररावांची सरपटी

जर्मनीत गोल्फच्या मैदानावर उतरायचं तर आधी परीक्षा द्यावी लागते, प्लात्सरायफं नावाची. पद्माकरराव स्टुटगार्टमध्ये तीस वर्षं गिअरबॉक्स जुळवून निवृत्त झाले आणि या परीक्षेत दोनदा आपटले. नीलिमाताईंनी बजावलं होतं, "अहो, तिसऱ्यांदा नापास झालात तर ती गोल्फची बॅग तळघरात, केलरमध्ये, सायकलींशेजारी. परत वर आणायची नाही."

तिसरी परीक्षा उत्तर समुद्रातल्या एका बेटावर होती. परीक्षक हेर पेटर्सन एकेक शब्द चघळून बोलायचे. "आल्झो... हे मैदान कोणी... बांधलेलं नाही. इथे मेंढ्या चरायच्या. वारा चुकवायला टेकाडाआड बसायच्या. बसून बसून... खड्डे. तेच आमचे वाळूचे खड्डे. शंभर वर्षांपूर्वी हवा खायला आलेल्या पाहुण्यांनी त्यांत... चेंडू घालवले."

"मेंढ्यांचं डिझाइन म्हणा की," पद्माकरराव पुटपुटले.

शेवटचं होल. अजून तीन फटक्यांत चेंडू आत गेला तर पास. झेंडा शंभर मीटरवर, वारा समोरून. शिकवल्याप्रमाणे उंच मारलेला मघाचा चेंडू वाऱ्याने उचलून मागे आणून टाकला होता. आता त्यांना आठवत होता तो पुण्याच्या बोळातल्या क्रिकेटचा फटका, चेंडू जमिनीलगत सरपटवत नेणारा. स्टुटगार्टच्या परीक्षकाने त्याचेच दोन्ही वेळा गुण कापले होते.

ते मागे लांब उभ्या असलेल्या नीलिमाताईंकडे वळून ओरडले, "अगं, सरपटी मारू का?"

"या!" लांबून नीलिमाताई ओरडल्या.

जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. त्यांनी मारला. चेंडू गवतातून खुरडत निघाला, उंचवट्याला वळसा घालून झेंड्यापासून हातभर अंतरावर थबकला. पुढचा फटका हलकाच. टुप्.

"गेनाऊ! बरोबर!" पेटर्सन म्हणाले. "इथले म्हातारे... असंच खेळायचे. याला म्हणतात काय?"

"सरपटी."

"सार... पाटी," सही करता करता त्यांनी ते तोंडात घोळवलं.

नीलिमाताई धापा टाकत आल्या. "अहो, मी 'या मागे, काहीतरीच!' म्हणत होते. पुढचं वाऱ्याने खाल्लं."

"मला जर्मन 'या' ऐकू आलं."

"तीस वर्षांत एकदा माझं ऐकलंत, तेही जर्मनमध्ये," म्हणत त्यांनी बॅग स्वतःच्याच खांद्यावर घेतली. "चला. केलरमध्ये सायकलीच राहू देत."