बाबांच्या आवाजासाठी १.३५ व्होल्ट

गेल्या वर्षी ऑपरेशनमध्ये बाबांची स्वरपेटी काढली. तेव्हापासून ते टाइप करतात आणि आमचा जुना कॉम्प्युटर ते वाचून दाखवतो. पण मेमरी अपुरी. विषय बदलून गेल्यावर त्यांचं वाक्य ऐकू यायचं. हल्ली त्यांनी टाइप करणंच सोडलं होतं. शनिवारी मी ठरवलं, आज रॅम आणायचीच.

लोणी काळभोरहून सकाळची बस धरली. हडपसरच्या गर्दीमुळे स्वारगेटला पोचायला दीड तास लागला. तुम्ही अशा खरेदीला निघालात, तर जुन्या रॅमच्या लेबलचा आणि मदरबोर्डच्या पुस्तिकेचा फोटो सोबत ठेवा. मला तोच उपयोगी पडला.

टिळक रस्त्यावरच्या पहिल्याच दुकानदारानं पुढे केलेल्या रॅमवर १.५ व्होल्ट लिहिलं होतं.

"आमच्या बोर्डाला १.३५ चीच चालते," मी फोटो दाखवला.

"खाचेत बसतेय ना? मग चालेल."

"आणि बोर्ड जळाला तर?"

"मग नवा कॉम्प्युटर घ्या. तोही आम्ही विकतो."

पुढच्या दोन दुकानांतही दीडवालीच. पाय दुखत होते, घेऊन टाकावी असं वाटलं. पण घरी तेवढं एकच मशीन. तशीच चालत अप्पा बळवंत चौकातून कसबा पेठेत गेले. अमृततुल्यात चहा-क्रीमरोल घेताना मालकांनी गल्लीतल्या सुमनताईंचं दुरुस्तीचं दुकान दाखवलं.

ताईंनी फोटो मोठा करून पाहिला. "पीसी-थ्री-एल. हा एल म्हणजे कमी व्होल्टेज. दीडवाली घातलीत तर लगेच जळेल असं नाही, पण प्रोसेसरवर रोज जास्तीचा ताण. नकोच."

त्यांच्याकडे वापरलेली आठ जीबीची निघाली. बाराशे रुपये. मी पाकीट काढलं, तर म्हणाल्या, "बसा हो. तपासल्याशिवाय मी देत नाही."

घरी येऊन वायर काढली, रॅम बसवली. वायर जोडून बटण दाबलं, तर स्क्रीन काळाच. पुन्हा काढून, दोन्ही टोकं 'कट्' वाजेपर्यंत दाबली. सुरू झाला!

संध्याकाळी आत्या आली. विहिरीकडचा जमिनीचा तुकडा बिल्डरला द्यायचा का, यावर आईशी तावातावानं बोलत होती. "दादाला काय इचारायचं? आपणच ठरवू."

"मी हाय की इथं," कॉम्प्युटर तिच्या वाक्याला लागूनच बोलला. "मला इचारा."

आत्या कप हातात धरून तशीच वळली. मग तिनं विचारलं. बाबांनी नाही म्हटलं, आणि दोघं जेवणापर्यंत भांडत बसली. मी मध्ये पडले नाही.