शेकाची खोली

दार आतून लावलेलं होतं आणि बाळ माझ्या हातावर भुकेनं रडत होतं. मी दारावर थापा मारल्या. "अगं, पोरगी रडून निळी पडली, घे हिला," असं ओरडले. आतून काहीच उत्तर नाही. ओव्याचा वास मात्र बाहेरपर्यंत येत होता. आत माझी मैत्रीण होती आणि तिची बाळंतीण सून होती. एवढ्या थापांना दोघींतली एकही उठत नाही, हे मला बरं वाटेना. मी बाळाला पाळण्यात ठेवलं, रडू दिलं आणि दाराला कान लावला. आत कोणीतरी घोरत होतं. ते झोपेतलं घोरणं नव्हतं. माझा नवरा गेला त्या दिवशी तो असाच घोरत होता.

आम्ही नाताळच्या सुट्टीत नाशिकहून बुऱ्हाणपूरला आलो होतो. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि मी. ही मैत्रीण नेपानगरची. आमचे दोघींचे नवरे तिथं कागदाच्या कारखान्यात होते आणि क्वार्टरं शेजारीशेजारी. निवृत्तीनंतर ते लोक बुऱ्हाणपूरला राहायला आले, मी मुलाकडे गेले. दोघींचं भांडणही खूप व्हायचं आणि जमायचंही. तिनं फोन केला, "नात झालीय, बघायला ये. मेल्यावर येशील तर चहासुद्धा मिळणार नाही." म्हणून आलो.

घर नवं होतं, तापीवरच्या राजघाटाच्या बाजूला. तिच्या मुलानं बांधलेलं. आल्या आल्या तिनं मला प्रत्येक खोली दाखवली. खिडक्या सरकत्या, काचेच्या, कडेनं रबर. "बंद केली की बाहेर फटाके फोडले तरी ऐकू येत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "मग तुझी बडबडही बाहेर जात नसेल, शेजारी सुखी." ती हसली. बाळंतिणीची खोली सगळ्यात पक्की केली होती. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. सगळं मैत्रिणीनं अंगावर घेतलं होतं, डिंकाच्या लाडवापासून अंघोळीपर्यंत.

त्या दिवशी सकाळी बाकीचे सगळे असीरगड बघायला गेले. मैत्रिणीचा नवरा आणि मुलगा वाट दाखवायला बरोबर गेले. माझे गुडघे गड चढण्यातले नाहीत, म्हणून मी घरी राहिले. बाळाला तेल लावून झालं, अंघोळ झाली, धुरी झाली. मग बाळंतिणीच्या शेकाची वेळ आली.

बाळंतीण शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आई, आज राहू दे ना. डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टरला त्याच्या आईनं काय हीटरवर शेकलं होतं? चल. नाहीतर चाळिशीत कंबर धरून चालशील, हिच्यासारखी." ही म्हणजे मी.

मी म्हटलं, "मी चारही बाळंतपणांत शेक घेतलाय. तरी कंबर गेलीच."

"तू नीट घेतला नसशील. तुझं कोणतं काम नीट होतं?"

बाळंतीण हसत आत गेली. मैत्रिणीनं इस्त्रीवाल्याकडून आणलेले कोळसे फुलवले, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकली आणि शेगडी खाटेखाली सरकवली. खिडकी बंद केली. कडी लावली, कारण बाळंतीण उघड्या अंगानं शेक घेते आणि कोणी मध्येच आलेलं चालत नाही. दाराखालच्या फटीत आतून गोधडी कोंबली. वारं लागलं तर बाळंतरोग होतो, असं आमच्याकडे सगळ्याच मानतात. मीही मानत होते. बाळाला माझ्याकडे दिलं होतं.

थोड्या वेळानं मैत्रीण आतून म्हणाली, "माझं डोकं जड झालंय गं. चहाचं आधण ठेव, झालंच आमचं." मी आधण ठेवलं. पाणी आटलं तरी ती बाहेर आली नाही. मग बाळ रडायला लागलं.

नेपानगरच्या क्वार्टरला पत्रे होते. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट होती. तिनं माझी दोन बाळंतपणं केली आणि मी तिचं एक केलं, ते सगळं त्या फटीखाली. थंडी आत येते म्हणून आम्ही त्या फटीला शिव्या द्यायचो. धूर आणि कोळशाचा विषारी गॅस तिथूनच जात होता, हे आम्हा दोघींच्याही कधी लक्षात आलं नाही. नव्या खोलीला फट नव्हती.

मी बत्ता घेऊन मागच्या बाजूला गेले आणि खिडकीची काच फोडली. पुढं लोखंडी जाळी, आत जाता येईना. मग रस्त्यावर येऊन ओरडले. समोर केळीचे वेफर तळणाऱ्याचं दुकान आहे. तो हातात झारा घेऊनच धावत आला.

"क्या हुआ मावशी?"

"आतल्या खोलीचं दार तोड."

तो दारापर्यंत आला आणि थांबला. "अंदर भाभी है ना? जच्चा है. मैं कैसे जाऊँ?"

मी म्हटलं, "मेल्यावर खांदा द्यायला येशील ना? मग आत्ताच ये."

त्यानं लाथा घातल्या. कडी तुटली, गोधडीमुळे दार अडलं, ते आम्ही दोघांनी ढकललं. बाळंतीण खाटेवर पडली होती, अंगावर चादर होती. मैत्रीण पलीकडे भिंतीशी, पाटावरून कलंडलेली. चेहरा लाल, तापातल्या माणसासारखा. ती घोरत होती.

"पहले किसको?" त्यानं विचारलं.

"सुनेला," मी म्हटलं.

त्यानं चादरीसकट तिला उचलून अंगणात नेलं. मग परत येऊन मैत्रिणीला. ती जड होती, मला पाय धरावे लागले. अंगणात आणेपर्यंत घोरणं थांबलं होतं. गल्लीतली माणसं जमली. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चप्पल हुंगवली. मी म्हटलं, "रिक्षा आणा." रिक्षा आली. बाळाला शेजारणीकडे दिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "कमरा बंद था? सिगड़ी थी?" मी हो म्हटलं. मैत्रिणीला त्यांनी तपासलं आणि तोंडावर कापड ओढलं. सुनेला नळी लावली आणि म्हणाले, शुद्धीवर येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. आधी मैत्रिणीला बाहेर काढलं असतं तर काय झालं असतं, ते मी त्यांना विचारलं नाही.

गडावरची मंडळी दुपारी परत आली. मैत्रिणीच्या नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण शेगडी तर आपण आधीपासून वापरतो." हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तिच्या मुलाला एकाच दिवशी आईला पोचवायचं होतं आणि बायकोजवळ बसायचं होतं. तो राजघाटावर गेला आणि तिथून ओल्या कपड्यांनी थेट दवाखान्यात. माझी सून बाळाला वाटी-चमच्यानं दूध पाजत होती. बाळ अर्धं गिळायचं, अर्धं थुंकायचं.

संध्याकाळी घरी बायका बसल्या होत्या. मैत्रिणीची जाऊ बाळाकडे बघून म्हणाली, "पांढऱ्या पायाची निघाली. आल्याबरोबर आजीला खाल्लं. आता आईचं काय करते बघा."

मी म्हटलं, "शेगडी तिनं पेटवलेली नाही. ती रडली म्हणून मी दार तरी वाजवलं. तुम्ही कुठं होतात?"

"पाहुण्यांनी घरच्या गोष्टीत बोलू नये."

"मग घरच्यांनी तान्ह्या पोरीविषयी असलं बोलू नये."

माझा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, उद्या निघायचं का?" मी नाही म्हटलं. मैत्रिणीच्या सुनेचं काय होतं ते कळल्याशिवाय मी हलणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसले होते. तिचा नवरा दाराशी उभा होता. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "बाळाला कोणी पाजलं?"

"वाटीनं पाजतोय. बरं आहे ते."

"आणि आई?"

नवरा भिंतीकडे बघायला लागला. मी तिला सांगितलं, "तुझी सासू गेली."

ती रडली, आणि नर्सनं येऊन नळी सरळ केली. त्या खोलीतून आम्ही दोघींना बाहेर काढलं होतं. सून जगली.